दंतवाणिज्य

हस्तिदंत हा शब्द फसवा आहे. दात म्हटलं की आपल्या मनात येतो तो सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दात. तो पडतो, आजी तो कौलांवर टाकायला लावते, थोड्या दिवसांत नवा येतो. त्यात कुणाला इजा नाही, कुणाचं नुकसान नाही. हत्तीचा दातही असाच गळून पडत असेल, कुणीतरी रानातून वेचून आणत असेल आणि मग त्याच्या फण्या, कुंकवाच्या डब्या, बांगड्या होत असतील, असा समज त्या शब्दाच्या पोटातच बसलेला आहे.

चिनी भाषेतही हेच. तिथला शब्द ‘श्यांगया’, म्हणजे हत्तीचा दात. इंटरनॅशनल फंड फॉर ॲनिमल वेलफेअर या संस्थेनं २००७ साली चीनमध्ये पाहणी केली, तेव्हा दहातल्या जवळजवळ सात जणांना हस्तिदंतासाठी हत्ती मारावा लागतो हेच ठाऊक नव्हतं. वस्तुस्थिती अशी की सुळा हा हत्तीचा वरचा पुढचा दात. तो जन्मभर वाढत राहतो आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा कवटीच्या आत असतो. चोरट्या शिकाऱ्याला पैसे वजनावर मिळतात, त्यामुळे बाहेरचा तुकडा कापून त्याचं भागत नाही. सुळा मुळापासून काढायचा तर जनावर मारून त्याचा चेहरा कुऱ्हाडीनं फोडावा लागतो.

लोकांना हे कळावं, त्यांनी हस्तिदंत घेऊ नये, म्हणून गेल्या वीसेक वर्षांत मोठमोठ्या मोहिमा निघाल्या. पोस्टरं, चित्रफिती, खेळाडूंची आणि नटनट्यांची आवाहनं. या मोहिमांविषयी मला लिहायचं आहे. समीक्षा म्हटली की आपल्याकडे कथा-कादंबरीच डोळ्यांसमोर येते. पण पोस्टरही काही सांगत असतं, कुणाला तरी उद्देशून सांगत असतं, आणि काहीतरी सांगायचं टाळत असतं. कथेला आपण जे प्रश्न विचारतो ते त्यालाही विचारावेत. शिवाय हा विषय दूरच्या आफ्रिकेचा आणि चीनचा वाटला, तरी आपल्या घरापासून फार लांब नाही. आपल्या शास्त्रापासून तर मुळीच नाही.

आधी त्या संस्थेचंच पोस्टर घेऊ. २००९च्या सुमारास ते चीनच्या शहरांत, भुयारी रेल्वेच्या स्थानकांवर लागलं. चित्रात हत्तीण आणि तिचं पिल्लू. पिल्लू आईला कौतुकानं सांगतंय की आई, मला दात आले. आणि आई गप्प आहे. बाळाला पहिला दात आला की कुठल्या आईला आनंद होत नाही? पिल्लू विचारतं, तुला आनंद नाही का झाला? बस. रक्त नाही, फाडलेला चेहरा नाही, आकडेवारी नाही. ज्या शब्दानं लोकांना फसवलं तोच शब्द पकडून त्यातलं दुःख बाहेर काढलं आहे. पोस्टर म्हणून मला ते फार चांगलं वाटतं. आणि ते बाईला समजेल अशा भाषेत आहे, हे मुद्दाम सांगते.

२०१३ साली या मोहिमेचा परिणाम तपासला गेला. शहरी लोकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी ती पाहिली होती आणि हस्तिदंत घेण्याची शक्यता असलेल्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं, असं निघालं. वाचून बरं वाटतं. पण जरा थांबून बघा. तपासलं काय, तर ‘पुढे घ्याल का?’ या प्रश्नाचं उत्तर. पोस्टर बघून आलेल्या माणसाला कुणी विचारलं, तर तो ‘घेणार’ असं म्हणेल का? आपल्याकडे प्रवचन संपल्यावर बस्तीच्या पायरीवर उभं राहून विचारा, उद्यापासून रात्रीचं जेवण सोडाल का म्हणून. पायरीवरचं उत्तर आणि स्वयंपाकघरातलं उत्तर यांत फरक असतोच.

आणि आफ्रिकेत त्या वर्षांत काय चाललं होतं? हत्तींची बेकायदा शिकार वाढत वाढत २०११ साली शिखराला पोचली. म्हणजे पिल्लू आईला दात दाखवत होतं, लोक हळहळत होते आणि हत्ती पूर्वीपेक्षा जास्त मरत होते. १८ देशांत विमानातून केलेली हत्तींची मोठी गणना २०१६ साली प्रसिद्ध झाली. माळरानावरचे हत्ती उरले होते साडेतीन लाखांच्या आसपास, आणि २००७ ते २०१४ या सात वर्षांत ते तीस टक्क्यांनी घटले होते.

मग पोस्टर खोटं होतं का? नाही. ते अर्धं होतं. १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, पण २००८ साली आफ्रिकेतल्या चार देशांना साठवलेला हस्तिदंत एकदाच विकायची परवानगी मिळाली. चीननं त्यातला सुमारे ६२ टन घेतला. तो सरकारमान्य कारखान्यांत कोरला जाऊ लागला, सरकारमान्य दुकानांतून प्रमाणपत्रासह विकला जाऊ लागला. चोरीचा माल त्याच प्रमाणपत्रांच्या आडून खपू लागला. आता सामान्य गिऱ्हाइकानं काय समजायचं? भुयारी स्थानकात पोस्टर म्हणतंय घेऊ नका. जिना चढून वर आलं की काचेच्या कपाटात तीच वस्तू, वर सरकारचा शिक्का. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण इथे अगदी शब्दशः बसते. पोस्टरनं गिऱ्हाइकाला गाठलं, दुकानाविषयी मात्र ते काहीच बोललं नाही. जे सांगायचं टाळलं ते हेच.

आता आपल्याकडे वळते. श्रावकानं कोणते धंदे करू नयेत याची एक जुनी यादी आहे, पंधरा कर्मादानांची. कोळसा पाडणं, जंगल तोडणं, विष विकणं, तळी आटवणं अशी ती यादी जाते आणि त्यात एक नाव आहे दंतवाणिज्य. हत्तीचे दात, तसंच प्राण्यांची नखं, हाडं, कातडी यांचा व्यापार. श्वेतांबर परंपरेत ‘उपासकदशांग’ सूत्रापासून ही यादी येते. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘योगशास्त्रा’त ती घेतली. पण मला यादीपेक्षा जुन्या टीकाकारांनी दिलेलं कारण महत्त्वाचं वाटतं. ते असं सांगतात: व्यापारी रानातल्या पुलिंदांना, म्हणजे शिकाऱ्यांना, आधीच पैसे देऊन ठेवतो की मला दात आणून द्या. मग तो लवकरच येणार म्हणून ते हत्ती मारतात. व्यापाऱ्यानं हातात बाण धरलेला नाही. त्यानं फक्त इसार दिला आहे. तरी पाप त्याचं.

मागणीमुळे हत्या होते, हे आजच्या मोहिमांचं मुख्य वाक्य. आपल्याकडे ते हजारभर वर्षं पोथीत पडलं आहे, आणि तेही इसाराच्या, आगाऊ रकमेच्या तपशिलासकट. त्याचा अभिमान वाटतो, पण अभिमानानं काम भागत नाही, कारण पोथीत यादी असूनही धंदा चालूच राहिला. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात ‘सागारधर्मामृता’त ही यादी दिली आहे आणि त्यावर शेराही मारला आहे. त्यांचं म्हणणं असं की सदोष धंद्यांची अशी गणती करणं बरोबर नाही, कारण ते अगणित आहेत. यादी सांगायचीच तर ती अगदी मंदबुद्धीच्या माणसांसाठी. शेरा तिखट आहे, पण त्यात मोठा अर्थ आहे. एका वस्तूचं नाव यादीत घातलं की माणूस तेवढीच वस्तू टाळतो आणि शेजारची उचलतो. मूळ गोष्ट त्याला कळलेलीच नसते.

मूळ गोष्ट आपल्या जपमाळेत आहे. १०८ मणी का, तर समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि चार कषाय. त्यांचा गुणाकार १०८. यातल्या कृत, कारित, अनुमोदनेच्या मापानं मी या मोहिमा तपासते. हत्ती मारणारा, तो कृत. विकत घेऊन मारायला लावणारा, तो कारित. आणि घेतलेली वस्तू पाहून ‘वा, काय सुरेख!’ म्हणणारे सगळे अनुमोदनेत. पिल्लाच्या पोस्टरनं कारिताला जागं केलं. कायदे आणि वनरक्षक कृताच्या मागे लागले. अनुमोदनेचं काय?

हस्तिदंत कुणी एकट्यानं बघायला घेत नाही. चीनमध्ये तो साहेबाला भेट द्यायला घेत, दिवाणखान्यात ठेवायला घेत, मुलाबाळांवर आशीर्वाद राहावा म्हणून घेत. पाहणारे डोळे नसते तर त्या कोरीवकामाला कुणी एवढे पैसे दिले नसते. म्हणून वाइल्डएड संस्थेची मोहीम मला जास्त नेमकी वाटते. तिनं याओ मिंग या बास्केटबॉलपटूला पुढे केलं. सव्वासात फुटांहून उंच माणूस, साऱ्या चीनचा लाडका. २०१२ साली तो केनियात गेला, चेहरा फोडलेल्या हत्तींच्या मढ्यांजवळ उभा राहिला. ज्याच्याकडे बघून लोक मोठेपणा शिकतात, तोच सांगू लागला की यात मोठेपणा नाही. जे घेऊन मान मिळत होता ते घेतल्यानं मान जातो, असं झालं की मग वस्तूचं काय करायचं? २०१४ साली त्यानं सरकारच्या सल्लागार सभेत हस्तिदंताचा व्यापार बंद करण्याची मागणीही केली. पोस्टरमधला माणूस दुकानाविषयी बोलला, हे मला विशेष वाटतं.

२०१६च्या डिसेंबरअखेरीस चीननं जाहीर केलं की वर्षभरात देशातला हस्तिदंताचा सगळा धंदा बंद होईल, आणि ३१ डिसेंबर २०१७ला परवान्याचे कारखाने आणि दुकानं बंद झाली. भाव त्याआधीच उतरत होता. २०१४ साली चीनमध्ये कच्च्या हस्तिदंताचा घाऊक भाव किलोला सुमारे २१०० डॉलर होता, तो २०१७च्या सुरुवातीला ७३० डॉलरवर आला. मेला हत्ती सव्वा लाखाचा म्हणतात, तो सव्वा लाखाचा राहिला नाही म्हणा! याचं श्रेय मोहिमावाले आपल्याकडे घेतात. पण त्याच काळात तिथला पैशाचा ओघ मंदावला होता, आणि भ्रष्टाचाराविरुद्ध सरकारनं धरपकड चालवली होती, त्यामुळे साहेबाला महागडी भेट देणं धोक्याचं झालं होतं. दुकानं बंद होणार ही कुणकुणही होती. पोस्टर, पैसा, भीती आणि बंदी यांतलं कुणाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. जी मोहीम सगळा विजय आपलाच म्हणते तिच्याकडे मी जरा संशयानं बघते.

थायलंडची गोष्ट निराळी. तिथल्या वर्णमालेत ‘च’सारखं एक अक्षर आहे, ते मुलं ‘चांग’चं, म्हणजे हत्तीचं अक्षर म्हणून शिकतात. २०१५च्या आरंभी डब्ल्यूडब्ल्यूएफ संस्थेनं लोकांना सांगितलं, आपल्या नावातून हे अक्षर काढून टाका. हत्तीच नाहीसे झाले तर हे अक्षर कशाचं म्हणून शिकवणार? नट, गायक, सामान्य माणसं, सगळ्यांनी नावं अपुरी लिहिली. कल्पना सुंदर आहे. आपल्या बाराखडीच्या तक्त्यातून असं एक चित्र गेलं तर, असा विचार करून बघा. पण ही मोहीम कुणाला उद्देशून होती? हत्तीवर आधीच जीव असणाऱ्यांना. जो माणूस गळ्यात हस्तिदंताचा ताईत घालतो, तोही हत्तीवर प्रेमच करत असतो. त्याला वाटतं की हत्तीचं बळ आपल्यात येतंय. त्यानं नावातलं अक्षर गाळलं आणि ताईत तसाच ठेवला, तर त्याला त्यात काही विसंगती वाटणार नाही. एवढं मात्र म्हणायला हवं की त्याच वर्षी थायलंडनं हस्तिदंताचा नवा कायदा केला आणि घरातल्या वस्तूंची नोंद करायला लावली. लोकांचं मन त्या बाजूला वळलेलं असणं कायद्याला उपयोगीच पडलं असणार.

पुढे २०१९च्या सुमारास तिथेच दोन मोहिमा निघाल्या, त्या मला अधिक शहाण्या वाटतात. एक बायकांसाठी: हस्तिदंताशिवायच तुम्ही सुंदर आहात, असं सांगणारी. दुसरी ताईत घालणाऱ्यांसाठी: हत्तीचा दात आणि वाघाचं नख यांत नशीब नाही, असं सांगणारी. सगळ्या देशाला एकच पोस्टर न दाखवता, घेणारा कोण आणि कशासाठी घेतो हे आधी शोधलं. नटायला घेणारी बाई आणि संकट टळावं म्हणून घेणारा माणूस, दोघांना एकच उपदेश कसा लागू पडेल? हत्ती मरतो हे दोघांनाही ठाऊक असतं. ठाऊक असूनही माणूस घेतो, तेव्हा त्याला पुन्हा माहिती सांगण्यात अर्थ नसतो. त्याला जे हवं आहे ते दुसरीकडून मिळेल का, हे बघावं लागतं.

केनियानं निराळाच मार्ग धरला. ३० एप्रिल २०१६ला नैरोबीत १०५ टन हस्तिदंताची होळी केली. पेटलेल्या सुळ्यांच्या त्या राशींची चित्रं जगभर गेली. सरकार म्हणालं, आमच्या लेखी हस्तिदंताची किंमत फक्त जिवंत हत्तीवर आहे. वाक्य चांगलं आहे. पण व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा: बाजारातला माल जळाला की उरलेल्याचं काय होतं? एका डोळ्याला ती होळी त्यागाची दिसते, दुसऱ्या डोळ्याला टंचाईची. मोहीम ज्याला सुधारायला निघाली तो कोणत्या डोळ्यानं बघतो, हा विचार होळी पेटवण्याआधी करायला हवा.

आता आपल्या बायकांची गोष्ट, जी या सगळ्या मोहिमांच्या आधीची आहे आणि जिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेचा हस्तिदंत झांजिबारहून मुंबईला येई आणि तिथून पुढे. त्यातला मोठा वाटा जाई कुठे? गुजरात, कच्छ, काठियावाड, मारवाड इथल्या नवऱ्या मुलींच्या हातांत. हस्तिदंती चुडा हे सौभाग्याचं लेणं. आपल्याकडच्या हत्तींपेक्षा आफ्रिकेचा दात मोठा आणि कापायला मऊ, म्हणून बांगडीला तोच पसंत. नवरा गेला की चुडा फोडायचा, बाई गेली की तिच्याबरोबर तोही जायचा. आईचा चुडा लेकीला चालत नसे. दर लग्नाला नवा दात. त्याआधी मोझांबिकहून हस्तिदंत आणणाऱ्या दीव-दमणच्या वाणी व्यापाऱ्यांत हिंदूंबरोबर जैनही होते. पोथीत दंतवाणिज्य वर्ज्य, पेढीवर तेच जमा. पाणी गाळून पिणाऱ्या घरांतून हा व्यवहार झाला, आणि समुद्रापलीकडचा हत्ती कुणाला दिसला नाही. चुडा भरलेली नवरी दिसली, आणि तिचं कौतुक करायला सगळं गाव होतं. अनुमोदना म्हणतात ती हीच.

हा चुडा थांबला कसा? कुठल्या पोस्टरनं नव्हे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९८६च्या दुरुस्तीनं भारतातल्या हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, १९९१च्या दुरुस्तीनं आफ्रिकेहून आलेल्याचाही. व्यापारी न्यायालयात गेले. बर्फात सापडणाऱ्या, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या मॅमथचा दात तरी विकू द्या म्हणाले. तोही नाही, असं २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, कारण साध्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दुसरीकडे प्लास्टिकचा पांढरा चुडा आला होता, स्वस्त आणि दिसायला तसाच. तिसरी गोष्ट कागदावर कुठे लिहिलेली नाही, पण मला ती सगळ्यांत मोठी वाटते. कुणीतरी थोरल्या बायकांनी, सासवांनी, आत्याबाईंनी ‘हा पण चालतो’ म्हटलं. लग्नात जे चालतं आणि चालत नाही ते शास्त्रापेक्षा त्यांच्या तोंडून ठरतं. त्यांनी नाक मुरडलं असतं तर कायदा असूनही चोरून चुडा आणला गेला असता. आज हस्तिदंती हा शब्द आपल्याकडे साडीच्या रंगापुरता उरला आहे.

पर्यायाचं महत्त्व पूर्वीही दिसलं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. त्याला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, हत्तींच्या कळवळ्यानं नव्हे तर दात महाग झाला म्हणून. त्या खटपटीतून १८६९च्या सुमारास सेल्युलॉइड निघालं. जपानमध्ये उलट स्थिती आहे. तिथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात आणि प्रतिष्ठेचा शिक्का हस्तिदंताचा. तिथला अंतर्गत बाजार अजून बंद झालेला नाही. पण २०२० नंतर सरकारी कागदांवरची शिक्क्याची सक्तीच बरीच कमी झाली. शिक्काच लागला नाही तर तो कशाचा, हा प्रश्न आपोआप मागे पडतो. कार्यालयातला रुक्ष बदल, पण हत्तीच्या बाजूनं तो पुष्कळ पोस्टरांच्या तोडीचा आहे.

कुणी म्हणेल, आपल्याला हे सांगायची गरज नाही, आपलं हत्तीवर प्रेम आहे. आहेच. अजितनाथांचं लांछन हत्ती. तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत पहिला तोच. पायाखाली आलेल्या सशासाठी पाय उचलून धरणारा आणि त्यापायी प्राण सोडणारा मेघकुमाराच्या पूर्वजन्मीचा हत्ती आपण मुलांना सांगतो. २०२५च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानंतर नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा कोल्हापूर-सांगलीपासून आमच्या सीमाभागापर्यंत माणसं हळहळली, रस्त्यावर आली. त्या प्रकरणाच्या दोन्ही बाजूंत इथे शिरत नाही. एवढंच म्हणते की हत्ती समोर सोंड हलवत उभा असला की प्रेम सोपं असतं. तो चुड्याच्या, ताइताच्या, शिक्क्याच्या रूपात आला की ओळखू येत नाही. मोहिमांचं काम ही ओळख पटवण्याचं आहे आणि ते त्यांनी बऱ्यापैकी केलं. ओळख पटल्यावरही घेणाऱ्यांचं काय, इथे बहुतेक मोहिमा तोकड्या पडतात.

आपलं माप आपल्यालाच लावून बघायचं तर हस्तिदंत उपयोगाचा नाही. तो सोडण्यात आता आपल्याला काही त्याग नाही. कायद्यानं तो केव्हाच सुटला. जुनी वस्तू घरात असली तरी ती विकता येत नाही. रेशीम घ्या. ‘रेशीम’ हा शब्दही ‘हस्तिदंता’सारखाच गुळगुळीत, त्यात किडा कुठे दिसत नाही. कोश उकळत्या पाण्यात टाकतात तेव्हा आतला जीव जिवंत असतो, तो बाहेर पडला तर धागा तुटतो म्हणून. एका शालूत असे हजारो कोश. हे आपल्या समाजात कुणाला माहीत नाही? मुनिमहाराजांच्या प्रवचनांत ऐकलं, पत्रकं वाटली गेली. आणि तरी पंचकल्याणकाच्या मांडवात बघा, पूजेच्या सवालाला उभ्या राहिलेल्या बायकांच्या अंगावर बघा. माहितीची कमतरता नाही. कृत त्या रेशीम कारखान्यात, कारित दुकानात, आणि अनुमोदना मांडवात आपल्या ओठांवर: ‘अगंबाई, किती झालं? खरं रेशीम ना?’

चीनमधल्या माणसाला आपण नावं ठेवतो की हत्तीचा चेहरा फोडून केलेली मूर्ती तो दिवाणखान्यात कशी ठेवू शकतो. तो ठेवतो त्याचं कारण, त्याच्याकडे येणारा पाहुणा तिचं कौतुक करतो. आपलं वागणंही याच कारणानं चालतं. म्हणून परदेशातल्या या मोहिमा बायकांनी वाचाव्यात, त्यांतलं काय लागू पडलं आणि काय पडलं नाही ते ओळखावं, असं मला वाटतं. नुसतं कळवळ्याचं चित्र पुरत नाही. दुकान बंद करणारा कायदा लागतो. हाताशी दुसरी वस्तू लागते. आणि ती वस्तू चालते, तिच्यानं शोभा कमी होत नाही, असं चारचौघांत म्हणणारं वडीलधारं माणूस लागतं. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात थोड्याच आहेत. तिसरी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ती आपल्या आधीच्या बायकांनी चुड्याच्या बाबतीत करून दाखवलेली आहे.

आपल्या समाजाच्या महिला मंडळांतून पत्रकं छापताना हा हिशेब ध्यानात ठेवता येईल. रेशमात जीवहिंसा आहे, हे पुन्हा एकदा छापण्यापेक्षा मंडळाच्या वडीलधाऱ्या बायकांनी आपल्या घरच्या पुढच्या लग्नात सुती इरकल नेसून पुढच्या रांगेत बसावं. कुणी विचारलंच, ‘काकू, आज साधी साडी?’ तर साधी नाही, हीच लग्नाची, असं सांगावं. बाकीचं सांगायची वेळ बहुधा येणार नाही. दुसऱ्या दिवशी पोरीबाळी स्वतःहून विचारतील, ती साडी कुठून घेतली म्हणून.